लिस्बनहून काम करायचं? आधी घड्याळ जुळवा

लिस्बनमधल्या माझ्या पहिल्या कामाच्या दिवशी पहाटे पावणेचारला गजर वाजला. जानेवारी महिना होता. पुण्यात सव्वानऊ वाजले होते आणि साडेनऊला टीमची रोजची मीटिंग. स्वयंपाकघराची फरशी इतकी गार होती की मी खुर्चीखाली उशी टाकून त्यावर पाय ठेवले. खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूने पाणी ओघळत होतं. मी हेडफोन लावून बोलायला लागले आणि दहाव्या मिनिटाला पलीकडच्या घरातून भिंतीवर टकटक झाली. त्या घरातल्या आजींची झोप मी मोडली होती. उरलेली मीटिंग मी चॅटवर टाइप करून पार पाडली.

घर चांगलं होतं, गल्ली सुंदर होती, इंटरनेट उत्तम होतं. चुकलं होतं माझं वेळेचं गणित. मी आधी तिकीट काढलं, मग घर शोधलं आणि वेळापत्रकाचा विचार सगळ्यात शेवटी केला. पुढच्या वेळी मे-जूनमध्ये गेले तेव्हा हा क्रम उलटा केला आणि ते दोन महिने फार सुखाचे गेले. म्हणून नव्याने जाणाऱ्यांसाठी मी त्याच क्रमाने लिहिते आहे.

पहिलं काम: कागदावर दोन घड्याळं काढा

पोर्तुगालची वेळ वर्षभर लंडनच्या वेळेबरोबर चालते. हिवाळ्यात लिस्बन भारतापेक्षा साडेपाच तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेचार तास. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे जातात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे येतात. २०२६ मध्ये हे दोन रविवार २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर असे आहेत.

तुमचं ऑफिस भारतीय वेळेने साडेनऊ ते साडेसहा असेल तर उन्हाळ्यात लिस्बनमध्ये तुमचा दिवस पहाटे पाच ते दुपारी दोन असा होतो आणि हिवाळ्यात चार ते एक. हा एक तास कागदावर किरकोळ वाटतो, शरीराला तो अजिबात किरकोळ वाटत नाही. पाचला उठणारे आपल्याकडे घरोघरी आहेत, पण साडेतीनला रोज उठणं ही वेगळीच गोष्ट. शिवाय डिसेंबर-जानेवारीत सव्वापाच-साडेपाचला सूर्य मावळतो, म्हणजे काम संपल्यावर हातात चारेक तासांचा उजेड उरतो. जूनमध्ये सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे दोनला लॅपटॉप मिटला तरी सात तासांचा लख्ख दिवस तुमचा असतो. भारतीय वेळ पाळायची असेल तर एप्रिल ते ऑक्टोबरमध्येच जा, असं माझं ठाम मत आहे. त्यातही मे, जून आणि सप्टेंबर. ऑगस्टमध्ये गर्दी आणि ऊन दोन्ही जास्त.

ऑफिसने वेळ थोडी सरकवू दिली तर फारच छान. भारतीय वेळेने साडेबारा ते साडेनऊ एवढी सूट मिळाली तर उन्हाळ्यात तुम्ही आठ ते पाच असं माणसासारखं काम करता. ज्यांचे क्लायंट इंग्लंडमध्ये आहेत त्यांचं घड्याळ बाराही महिने क्लायंटशी जुळतं. आणि जे पुण्यात किंवा ठाण्यात बसून अमेरिकेसाठी रात्रपाळी करतात, त्यांच्यासाठी हे शहर म्हणजे वरदान आहे. संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीनची पाळी उन्हाळ्यात तिथे दुपारी दोन ते रात्री अकरा होते. सगळी सकाळ मोकळी आणि रात्री झोप.

जाण्याआधी एक आठवडा घरीच पहाटे पाचला लॅपटॉपपुढे बसून आणि रात्री साडेआठला झोपून बघा. घरात माणसं वावरत असताना हे जमलं तर तिथे नक्की जमेल.

कंपनीचं लेखी पत्र

मॅनेजरने तोंडी "हो, जा की" म्हटलं म्हणजे परवानगी मिळाली असं धरू नका. एचआरकडून लेखी घ्या. त्यात देश, तारखा आणि कामाची वेळ असावी आणि कंपनीचा लॅपटॉप परदेशात न्यायला हरकत नाही हेही स्पष्ट लिहिलेलं असावं. आयटी विभागाला वेगळं विचारा. कित्येक कंपन्यांची व्हीपीएन ठरावीक देशांतूनच चालते आणि हे विमानतळावर उतरल्यावर कळलं तर हाती काहीच राहत नाही. बँका, विमा, रुग्णालयं यांचा डेटा हाताळणाऱ्यांना कधीकधी भारताबाहेरून लॉगिन करायला मनाईच असते. तुम्ही त्यातले असाल तर इथेच थांबा, पुढचा खर्च करू नका.

भविष्य निर्वाह निधीचंही विचारून घ्या. भारत आणि पोर्तुगाल यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार आहे. कंपनीच तुम्हाला तिकडे पाठवत असेल तर ईपीएफओकडून मिळणाऱ्या प्रमाणपत्राच्या आधारे दोन्हीकडे वर्गणी भरणं टळतं. तुमच्या बाबतीत हे लागू होतं का, हे कंपनीलाच ठरवू द्या.

व्हिसा

इथे मी जरा थांबून सांगते, कारण सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले याच बाबतीत मिळतात. शेंगेन म्हणजे आपसातल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांचा गट. त्याचा साधा पर्यटक व्हिसा फिरण्यासाठी असतो. त्यावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं आणि हा हिशेब सगळ्या शेंगेन देशांचा मिळून असतो. आठवडाभराच्या सहलीत दोन ईमेलना उत्तर देणं वेगळं आणि दोन महिने रोज नऊ तास काम करायला जाणं वेगळं. तुमच्या जाण्याचा हेतूच काम करत राहणं असेल तर पोर्तुगालने त्यासाठी स्वतंत्र व्हिसा ठेवला आहे, तोच घ्या. "सगळे तसंच करतात" हे उत्तर सीमेवरच्या अधिकाऱ्यापुढे चालत नाही.

या व्हिसाला लोक डी-८ म्हणतात. तो ३० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाला. परदेशी कंपनीचे नोकरदार आणि परदेशी क्लायंटसाठी स्वतंत्र काम करणारे, दोघेही अर्ज करू शकतात. त्याचे दोन प्रकार आहेत. एक तात्पुरत्या वास्तव्याचा, वर्षाच्या आतला, जितक्या वेळा हवं तितक्या वेळा ये-जा करता येणारा. दुसरा तिथे स्थायिक होण्याच्या वाटेवरचा: त्यात आधी चार महिन्यांचा व्हिसा मिळतो आणि तिथे पोचल्यावर 'आयमा' या कार्यालयाकडून राहण्याचा परवाना घ्यावा लागतो. काही महिने राहून परत येणार असाल तर पहिला प्रकार पुरेसा आहे.

खरी अडचण उत्पन्नाच्या अटीची. महिन्याचं उत्पन्न पोर्तुगालच्या किमान वेतनाच्या चौपट दाखवावं लागतं. २०२६ मध्ये तिथलं किमान वेतन ९२० युरो आहे, म्हणजे ३,६८० युरो. एक युरो शंभर रुपयांना धरला तरी महिन्याला ३ लाख ६८ हजार. आपल्याकडच्या बऱ्याच चांगल्या पगारदारांनाही हा आकडा जड जातो, हे मला माहीत आहे. तो गाठता येत नसेल तर सरळ रजा टाकून, पर्यटक व्हिसावर, लॅपटॉप घरी ठेवून जा. शहर तितकंच सुंदर दिसेल.

अर्जासोबत मागच्या तीन महिन्यांच्या उत्पन्नाचे पुरावे, दूरस्थ कामाचं कंपनीचं पत्र किंवा क्लायंटचे करार, कर कुठे भरता त्याचा कागद, राहण्याच्या जागेचा पुरावा, वैद्यकीय विमा आणि पीसीसी, म्हणजे तुमच्यावर गुन्हा नोंद नसल्याचा पोलिसांच्या पडताळणीचा दाखला, लागतो. पीसीसीचं काम सगळ्यात आधी सुरू करा, कारण पत्त्याच्या पडताळणीत दिवस जातात. पोर्तुगालचा दूतावास दिल्लीत आणि महावाणिज्य दूतावास पणजीत आहे. तुमचा पत्ता कोणाच्या अखत्यारीत येतो हे आधी पाहून मगच अपॉइंटमेंट घ्या.

कराबद्दल थोडक्यात. कुठल्याही बारा महिन्यांत पोर्तुगालमध्ये १८३ दिवसांहून जास्त राहिलात तर तिथले करदाते ठरता. भारतात १८२ दिवसांचा हिशेब आर्थिक वर्षानुसार चालतो. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण तो आपोआप लागू होत नाही, त्यासाठी कागद भरावे लागतात. तीन महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर निघण्याआधी सीएकडे एक फेरी मारा.

घर: पहाटे पाचला बोलता येईल असं

जाहिरातीत बाल्कनी, निळ्या टाइल्स आणि टेजू नदीचा देखावा दाखवतात. तुम्ही मात्र आधी हे विचारा: पहाटे पाचला बंद दाराआड नेहमीच्या आवाजात बोललं तर शेजारी ऐकू जाईल का? जुन्या इमारतींत बाहेरच्या भिंती जाड असल्या तरी दोन घरांमधल्या, दोन खोल्यांमधल्या भिंती पातळ असतात. आल्फामा आणि मोरारिया या भागांतल्या गल्ल्या डोळ्यांचं पारणं फेडतात, पण घरं एकमेकांना चिकटून. बायरू आल्तूमध्ये रात्री उशिरापर्यंत बार चालतात. तुम्ही साडेआठला अंथरुणावर पडणार आणि खाली रस्त्यावर तेव्हा कुठे गप्पा रंगायला लागणार. तो भाग कितीही स्वस्तात मिळाला तरी टाळा. आल्व्हालाद, काम्पू द ओरीक, पार्क दास नासोंइश इथे रात्री शांतता असते. आरोइयुश आणि आंजुश हे मधले भाग आहेत: मेट्रो जवळ, भाजी-किराणा स्वस्त आणि भारतीय, बांगलादेशी, नेपाळी दुकानं हाकेच्या अंतरावर.

हिवाळ्यात जाणार असाल तर हीटर आहे का, हे स्वतंत्रपणे विचारा. बाहेर दहा-बारा अंश असतात, महाबळेश्वरच्या थंडीइतकेच. पण लिस्बनच्या जुन्या घरांत ऊब धरून ठेवायची सोय नसते. घरात बाहेरपेक्षा जास्त गारठा वाटतो, कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी धरते. पोर्तुगीज लोक या दमटपणाला 'उमिदाद' म्हणतात आणि तो घरमालकाशी बोलायचा अगदी रोजचा विषय आहे, त्यामुळे विचारायला संकोच नको.

इंटरनेट चांगलं आहे म्हटलं की समाधान मानू नका. ज्या टेबलावर बसून काम करणार त्याच टेबलावरून स्पीडटेस्ट करून तिचा फोटो पाठवायला सांगा. फायबर जवळजवळ सगळीकडे आहे, पण राउटर एका टोकाला आणि खोली दुसऱ्या टोकाला असली की वायफाय हात टेकतं. थोड्या दिवसांसाठी भाड्याने दिलेल्या प्रत्येक घराला तिथे नोंदणी क्रमांक असावा लागतो आणि तो जाहिरातीत दिसला पाहिजे. दिसत नसेल तर पैसे पाठवू नका. वर्षभराचं घर घ्यायचं असेल तर 'नीफ' नावाचा करक्रमांक लागतो, आपल्या पॅनसारखा. दोन-तीन महिन्यांसाठी सहसा त्याची गरज पडत नाही. घराच्या भाड्याशिवाय लिस्बनमध्ये पर्यटक कर असतो: माणशी रात्रीला ४ युरो, पण फक्त पहिल्या सात रात्रींसाठी.

बॅग, फोन, पैसे

तिथले सॉकेट गोल, खोल आणि दोन पिनांचे. फोनच्या चार्जरची दोन बारीक पिनांची आपली वायर तशीच बसते, पण लॅपटॉपची तीन पिनांची बसत नाही. अडॅप्टर इथूनच घ्या, दोन घ्या. व्होल्टेज आपल्यासारखंच आहे.

बहुतेक घरांत शेगडी सिरॅमिकची किंवा इंडक्शनची असते. इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. न्यायचाच असेल तर इंडक्शनवर चालणारा स्टीलचा लहान कुकर न्या.

भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्याआधीच सुरू करा, नाहीतर बँकेचा ओटीपी येणार नाही आणि ओटीपी नाही म्हणजे पगार, ईएमआय, तिकीट सगळंच अडतं. रोमिंगवर डेटा बंद ठेवा आणि डेटासाठी तिथलं सिम किंवा ई-सिम वापरा. पैसे काढायला निळ्या रंगाचं 'मल्टिबँको' लिहिलेलं एटीएम बघा. कार्ड देताना यंत्राने "रुपयांत की युरोत?" असं विचारलं की नेहमी युरो निवडा. रुपयांत दाखवलेला दर महागात पडतो.

एक सल्ला तिथल्या अनुभवी लोकांकडून घेतलेला. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालमध्ये सगळीकडची वीज एकदम गेली आणि कित्येक तास आली नाही. मोबाइलचं नेटवर्कही कोलमडलं, कार्डं चालेनात. तेव्हापासून त्यांच्या घरात थोडी रोख रक्कम आणि भरलेली पॉवर बँक असतेच. तुम्हीही तेवढं ठेवा. त्याबरोबर ११२ हा आणीबाणीचा क्रमांक फोनमध्ये घालून ठेवा.

पहिला आठवडा: जेट लॅगशी भांडू नका

मुंबईहून फ्रँकफर्ट किंवा पॅरिसमार्गे गेलात तर पासपोर्टची तपासणी तिथेच होते आणि लिस्बनला तुम्ही सरळ बाहेर पडता. दुबई किंवा इस्तंबूलमार्गे गेलात तर लिस्बनच्या रांगेत उभं राहावं लागतं. ती लांब असू शकते, त्यामुळे उतरल्या उतरल्या मीटिंग ठेवू नका.

सगळे सांगतात, पहिल्या दिवशी रात्रीपर्यंत जागे राहा म्हणजे शरीर तिथल्या वेळेला लागेल. तुम्ही भारतीय वेळेने काम करणार असाल तर हा सल्ला तुमच्यासाठी नाही. पहिल्या दिवशी पहाटे तीनला आपोआप जाग येईल आणि संध्याकाळी सातला डोळे मिटायला लागतील. ते तसंच राहू द्या. फक्त एक-दीड तास पुढे सरका. हे वेळापत्रक तुम्हाला फुकट मिळालेलं आहे, ते मोडून पुन्हा बांधायचा खटाटोप कशाला?

विमानतळावरूनच लाल मार्गाची मेट्रो मिळते. स्टेशनवर 'नाव्हेगान्त' कार्ड घ्या. महिनाभर राहणार असाल तर ४० युरोंचा महिन्याचा पास काढा. मेट्रो, बस, ट्राम, नदीपलीकडे जाणाऱ्या बोटी आणि कश्काइशपर्यंतची लोकल, सगळं त्यात येतं. बूट चांगल्या पकडीचे हवेत. लिस्बनचे पदपथ लहान लहान पांढऱ्या दगडांचे असतात, पिढ्यान्‌पिढ्या चालून गुळगुळीत झालेले, आणि बहुतेक सगळे चढाचे. पाऊस पडला की उतारावर पाय घसरतोच.

जेवणाची वेळ

इथेही घड्याळच. पोर्तुगीज माणसं रात्री आठनंतर जेवायला बसतात, म्हणजे तुमच्या झोपेच्या वेळी. दुपारचं जेवण मात्र साडेबारा ते तीन चालतं. दोनला काम संपलं की थेट कोपऱ्यावरच्या साध्या खानावळीत जा आणि 'प्रातु दु दिया', म्हणजे आजचं ताट, मागवा. दिवसाचं मुख्य जेवण तेच ठेवा आणि संध्याकाळी सहाला घरी मऊभात. त्यासाठी दुकानातून 'कारोलिनु' तांदूळ आणा. तो आखूड आणि चिकट शिजतो, खिचडीलाही छान. मोकळ्या भातासाठी 'आगुल्या' घ्या. डाळी, पिठं, मसाले मार्तीं मोनीश चौकाजवळच्या रुआ दु बेन्फोर्मोझूवर मिळतात.

शाकाहारी असाल तर "सें कार्न नें पैश", मांस नको, मासे नकोत, हे वाक्य पाठ करा. हिरवं 'काल्दु व्हेर्द' सूप कोबीचं दिसतं, पण वर सॉसेजच्या चकत्या असतात. जवळजवळ प्रत्येक कॅफेच्या काचेमागे तिकोनी 'शामुसा' दिसेल. तो गोव्याच्या वाटेने तिकडे गेलेला आपला समोसा आहे, पण आत बहुधा मांस असतं, विचारून घ्या. टेबलावर न मागता ठेवलेले पाव आणि ऑलिव्ह फुकट नसतात, खाल्ले तर बिलात येतात. नको असतील तर हात लावू नका. लुमियार भागातल्या हिंदू मंदिराच्या आवारात शाकाहारी खानावळ आहे. मंदिर चालवणारा समाज मुख्यतः गुजराती, मोझांबिकमार्गे आलेला. घरच्या जेवणाची आठवण अनावर झाली की तिथे जायचं.

पहिल्याच दिवशी काउंटरवरच्या बाईंनी कार्डाकडे बघत काहीतरी विचारलं, त्यातला एकच शब्द माझ्या कानाने टिपला: पागार. पैसे देणं म्हणजे 'पागार'. आपला पगार तिथूनच आलेला. मग मला नाद लागला. 'शाव्ह' म्हणजे चावी, 'साबांउ' म्हणजे साबण, 'बाल्द' म्हणजे बादली, 'कोव्ह' म्हणजे कोबी. परक्या शहरात किराण्याची यादी करताना आपलेच शब्द भेटतात, आणि भाषा येत नाही ही भीती अर्धी तिथेच संपते. "बों दिया" म्हणा, बायकांनी "ओब्रिगादा" आणि पुरुषांनी "ओब्रिगादु" म्हणा, बाकीचं इंग्रजीत निभावतं.

बाहेर बसून काम

मेट्रो सकाळी साडेसहाला सुरू होते, बरीच को-वर्किंग ऑफिसं नऊला उघडतात आणि ग्रंथालयं त्याच्याही नंतर. भारतीय वेळ पाळणाऱ्याचं तोवर निम्मं काम झालेलं असतं. त्यामुळे को-वर्किंगचा महिन्याचा पास घ्यायची घाई करू नका. घ्यायचाच असेल तर चोवीस तास किल्ली मिळणारा घ्या, नाहीतर दिवसाचा. मी मीटिंगा घरी संपवायचे, नऊच्या सुमारास खाली जाऊन उभ्या उभ्या एक 'बिका' प्यायचे, म्हणजे तिथली लहान कपातली काळी कॉफी, आणि उरलेलं शांत काम घेऊन काम्पू पेकेनुजवळच्या पालासियु गाल्व्हैयश ग्रंथालयात जायचे. जुना वाडा, मागे बाग, आणि आत जायला पैसे नाहीत. कॅफेत लॅपटॉप उघडण्याआधी विचारा. गर्दीच्या वेळी काही जणांना ते आवडत नाही आणि त्यांचं बरोबरच आहे.

१२ जूनच्या रात्री सांतु आन्तोनियुचा उत्सव असतो. आल्फामात गल्लोगल्ली कोळशावर सार्डिन भाजतात आणि गाणी पहाटेपर्यंत चालतात. १३ जूनला शहराला सुट्टी असते. तुमच्या कंपनीला नसते. मी तो दिवस महिनाभर आधी रजा म्हणून टाकून ठेवला होता.

दोननंतरचा वेळ नीट वापरा. काइश दु सोद्रे स्टेशनवरून कश्काइशची गाडी पकडलीत तर अर्ध्या तासात कार्काव्हेलुशच्या समुद्रकिनाऱ्यावर असता. तिकीट पासात आलेलंच आहे. नाहीतर शेजारच्या धक्क्यावरून बोट पकडून पलीकडे कासिल्याशला जा आणि तिथून लिस्बनच्या टेकड्यांवर सरकणारं ऊन बघत बसा. साडेसहाच्या बोटीने परत या, उद्याचा गजर साडेचारचा आहे.